काळा रंग टिकवा, त्वचाही जपा

वर्षभर सणासमारंभात दूर ठेवला जाणारा काळा रंग संक्रांतीला मात्र मानाने घरात येतो. नव्या सुनेसाठी चंद्रकळा, बोरन्हाणाला बाळासाठी काळं झबलं अशी खरेदी होते. सण सरला की दोन तक्रारी सुरू होतात. पहिली धुण्याच्या बादलीतली. पाणी शाईसारखं काळं झालं आणि चार धुण्यांत कापड राखाडी पडलं. दुसरी तक्रार रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात पोहोचते. कमरेला, काखेत, मांड्यांना खाज सुटलेली असते. या दोन तक्रारींचं नातं सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कापडाने न धरलेला रंग जसा पाण्यात उतरतो, तसाच तो घामातही उतरतो.

काळा रंग उतरतो का?

गडद काळा रंग यायचा, तर फिक्या रंगापेक्षा कितीतरी जास्त रंगद्रव्य कापडात मुरवावं लागतं. पूर्वी आपल्याकडचे रंगारी हिरडा आणि गंजलेल्या लोखंडाचं पाणी यांच्या संयोगातून काळा रंग मिळवत. आज सुती कापडासाठी प्रामुख्याने रिअ‍ॅक्टिव्ह किंवा सल्फर रंग वापरतात. रिअ‍ॅक्टिव्ह रंग १९५६ मध्ये बाजारात आले. त्यांचे रेणू सुताशी रासायनिक बंधाने जोडले जातात. पण सगळेच रेणू जोडले जात नाहीत. उरलेला सुटा रंग कारखान्यातच भरपूर पाण्याने धुऊन काढावा लागतो. तिथे पाण्याची आणि वेळेची काटकसर झाली, की तो रंग आपल्या बादलीत उतरतो. पॉलिस्टरची गोष्ट वेगळी आहे. त्यासाठी डिस्पर्स रंग वापरतात. ते धाग्यात विरून राहतात, धाग्याशी रासायनिक बंधाने जोडलेले नसतात.

कपडा जुनाट दिसतो, तेव्हा दर वेळी रंगच गेलेला असतो असं नाही. घासून, आपटून सुती धाग्यांचे बारीक तंतू वर येतात. या लवेवर पडलेला प्रकाश विखुरतो आणि काळं कापड पांढुरकं दिसू लागतं. बोअरच्या जड पाण्यात साबणाची वडी वापरली, तर कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट थर कापडावर बसतो. पांढऱ्या कपड्यावर तो चटकन दिसत नाही, काळ्यावर लगेच दिसतो.

त्यामुळे उपाय साधे आहेत. नवा काळा कपडा पहिले दोन-तीन वेळा वेगळा धुवावा. धुताना तो उलटा करावा, म्हणजे घर्षण आतल्या बाजूला होतं. पाणी थंड असावं, कारण गरम पाण्यात सुटा रंग लवकर उतरतो. तासन् तास भिजत घालू नये. ब्रशने घासणं आणि दगडावर आपटणं टाळावं. मशीनमध्ये सौम्य धुलाई निवडावी. अनेक पावडरींत विरंजक आणि पांढरेपणाची चमक आणणारी द्रव्यं असतात, म्हणून काळ्या कपड्यांना ती नसलेला द्रव साबण बरा. साबण बेताचा घ्यावा आणि कपडा स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळून काढावा. कापडात राहिलेला साबणही त्वचेला त्रास देतो. रेशमी किंवा जरीची चंद्रकळा असेल, तर लेबलावरची सूचना पाळावी. ती बहुधा ड्रायक्लीनिंगची असते.

मीठ, तुरटी आणि व्हिनेगर

रंग पक्का करायला कपडा मिठाच्या, तुरटीच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवण्याची पद्धत घरोघरी आहे. तिचं मूळ रंगाऱ्यांच्या कामात आहे. मंजिष्ठासारख्या वनस्पतीजन्य रंगांना कापडाशी जोडायला तुरटी लागत असे आणि सुती कापड रंगवताना रंग धाग्याकडे ढकलायला आजही मीठ वापरतात. पण ही सगळी कामं रंगवतानाची आहेत. रंगवून झालेल्या, दुकानातून आणलेल्या कपड्यातला सुटा रंग घरच्या मूठभर मिठाने धाग्याला नव्याने जोडला जात नाही.

मिठाने नुकसान तरी होत नाही. व्हिनेगरच्या बाबतीत मात्र सावध राहावं. एका बादलीत काळे कपडे व्हिनेगरमध्ये आणि शेजारी पांढरे कपडे ब्लीचमध्ये असतील आणि दोन्ही पाणी एकत्र झालं, तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात तो डोळ्यांना झोंबतो, घसा आवळतो, दम लागतो. दमेकऱ्याला तर झटका येऊ शकतो. असं झाल्यास बादली आवरत बसू नये. लगेच बाहेर मोकळ्या हवेत यावं. खोकला किंवा धाप थांबत नसेल, तर रुग्णालय गाठावं.

रंग त्वचेवर उतरला तर

नव्या काळ्या कुर्त्याने अंगाला डाग पडला, म्हणजे ॲलर्जी झाली असं नाही. बहुतेकांच्या बाबतीत तो डाग आंघोळीने निघतो आणि तिथेच विषय संपतो. काही जणांच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा मात्र विशिष्ट रंगांना शत्रू मानू लागते. यात डिस्पर्स रंग पुढे आहेत, विशेषतः गडद निळ्या-काळ्या छटांसाठी वापरले जाणारे डिस्पर्स ब्लू १०६ आणि १२४. घट्ट लेगिंग, पॉलिस्टरचं अस्तर, बाहीची आतली बाजू अशा ठिकाणी कापड घासतं आणि घाम येतो, तिथे रंग त्वचेत शिरतो. खाज, लाली, बारीक पुरळ उठतं.

पुरळाची जागा बरंच काही सांगते. काखेच्या मधोमध पुरळ असेल, तर संशय डिओडरंटवर जातो. मधला खोलगट भाग स्वच्छ आणि कडेची, कापड घासणारी त्वचा लाल असेल, तर संशय कपड्यावर जातो. कमरेचा पट्टा, मांड्यांची आतली बाजू आणि गुडघ्यामागची खोबण याही कपड्याच्या ॲलर्जीच्या नेहमीच्या जागा. खात्री करण्यासाठी पॅच टेस्ट करतात. संशयित द्रव्यांच्या छोट्या पट्ट्या दोन दिवस पाठीवर चिकटवून नंतर त्वचेवरची प्रतिक्रिया पाहतात.

केसांच्या काळ्या कलपाची किंवा ‘काळ्या मेंदी’ची ॲलर्जी असलेल्यांनी अधिक जपावं. त्यातल्या पीपीडी या द्रव्याची रचना काही डिस्पर्स रंगांशी मिळतीजुळती असल्याने एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो. अशा व्यक्तीने गडद पॉलिस्टर किंवा नायलॉन थेट अंगावर घालू नये. धुतल्याने सुटा रंग कमी होतो, पण आधीच ॲलर्जी असलेल्याला तेवढं पुरेसं नसतं.

बोरन्हाणाच्या बाळाचा विचार तर सर्वांत आधी. बाळाची त्वचा नाजूक असते आणि हाताला लागेल ते कापड ते तोंडात घालतं. झबलं सुती घ्यावं आणि आधी दोनदा धुवावं. ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहावं. फडक्याला रंग लागत असेल, तर पुन्हा धुवावं. तरीही लागत राहिला, तर आत पांढरं सुती झबलं घालावं. हौसही होते आणि बाळाला त्रासही होत नाही.

आजार असेल, तेव्हा नियम बदलतो

थंड पाणी आणि सावलीतली वाळवण हे नियम निरोगी घरासाठी आहेत. नायटा झालेला असेल, तर तेच नियम आजार लांबवतात. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे नायटा चिवट झाला आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीच्या एका प्रकाराला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळालं. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांनी हे दुखणं आणखी बिघडतं. बुरशीचे बीजाणू कपड्यांत टिकून राहतात आणि थंड पाण्याने ते मरतीलच अशी खात्री नसते. त्यासाठी साधारण ६० अंश सेल्सिअसचं पाणी लागतं. म्हणून उपचार चालू असताना घट्ट काळ्या लेगिंग आणि जीन्स बाजूला ठेवाव्यात. गरम पाणी सोसणारे सैल, फिके, सुती कपडे वापरावेत. रुग्णाचे कपडे घरातल्या इतरांच्या कपड्यांत मिसळू नयेत.

अंतर्वस्त्रांचंही तसंच. काळी असली तरी ती दुसऱ्या कपड्याखाली, कोंदट कोपऱ्यात वाळत घालू नयेत. उलटी करून हवेशीर उन्हात टाकावीत. आतली बाजू खडखडीत वाळते आणि बाहेरचा रंगही उन्हापासून बराच वाचतो.

खरूज असल्यास रंग वाचवण्याचा मार्ग आहे. उपचाराआधीच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे आणि अंथरुण-पांघरूण ५० अंशांहून गरम पाण्यात किमान दहा मिनिटं ठेवून धुवावं. ज्या काळ्या कपड्याला गरम पाणी सोसणार नाही, तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावा. खरजेचे किडे माणसाच्या त्वचेपासून दूर सहसा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाहीत. नंतर तो कपडा नेहमीसारखा थंड पाण्यात धुवावा. मात्र घरातल्या सगळ्यांचे उपचार एकाच वेळी झाले पाहिजेत, नाहीतर धुण्याची सगळी मेहनत वाया जाते.

कपडा बदलल्यावरही आठवडाभर खाज राहिली, पुरळ पसरू लागलं किंवा त्यातून पाणी येऊ लागलं, तर घरगुती उपाय थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. जाताना संशय असलेला कपडा सोबत न्यावा. त्याचं लेबल आणि शिवण पाहूनही निदानाला मदत होते.