अकरा विजयांचा आमदार आणि १९२ मतं

गणपतराव देशमुखांचं नाव निघालं की पाठोपाठ अकराचा आकडा येतो. सांगोला मतदारसंघातून अकरा वेळा आमदार, तेही शेतकरी कामगार पक्षासारख्या वर्षागणिक आटत गेलेल्या पक्षाकडून. मला मात्र या कारकिर्दीतला दुसराच एक आकडा जास्त बोलका वाटतो, तो म्हणजे १९२. १९९५ साली काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी गणपतरावांना एवढ्याच मतांनी पाडलं. एखाद्या मोठ्या वाडीवरच्या मतदारांनी मन बदललं असतं तरी निकाल फिरला असता.

त्या वर्षी सबंध महाराष्ट्रात काँग्रेसविरोधी वारं होतं. काँग्रेस ८० जागांवर आली, अपक्षांचा सुकाळ झाला आणि शिवसेना-भाजपचं पहिलं सरकार मुंबईत बसलं. अशा हवेत आयुष्यभर काँग्रेसशी झुंजलेला माणूस पडतो आणि काँग्रेसचा तरुण उमेदवार निवडून येतो, हे कोड्यात टाकणारं आहे. राज्यातली हवा सांगोल्याच्या शिवेवर येऊन थांबते, आत तालुक्याचं वेगळंच राजकारण चालतं, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो. ‘बालेकिल्ला’ हा शब्द वर्तमानपत्रांनी सांगोल्यासाठी इतका वापरला की तिथे दुसरी बाजू कधी नव्हतीच, असं वाटावं. ती नेहमीच होती. तालुका जवळजवळ निम्मा निम्मा वाटलेला असायचा आणि गणपतरावांना दर पाच वर्षांनी आपला निम्मा नव्याने जमवावा लागायचा.

मूळचे ते सांगोल्याचे नव्हेत. जन्म सोलापूर जिल्ह्यातल्याच मोहोळ तालुक्यात, पेनूर गावी. पुण्यात कायद्याचं शिक्षण झालं, सांगोल्याला वकिली सुरू झाली. केशवराव जेधे, शंकरराव मोरे या मंडळींनी काँग्रेसमधून बाहेर पडून उभा केलेला शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) त्या काळी शिकलेल्या शेतकरी पोरांना ओढून घेत होता. १९५० साली दाभाडीला मंजूर झालेल्या प्रबंधाने पक्षाला मार्क्सवादाची बैठक दिली होती. पुढारी वकील, कार्यकर्ता शेतकरी आणि भाषा कष्टकऱ्याची, असा तो मेळ. मतदारसंघात गणपतरावांना सगळे ‘आबासाहेब’ म्हणत.

१९६२ ही महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक. यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. शेकापच्या वाट्याला १५ आल्या, त्यात सांगोला होता. १९६७ मध्ये पक्ष १९ वर गेला आणि गणपतराव दुसऱ्यांदा निवडून आले. १९७२ ला मात्र बांगलादेश युद्धानंतरच्या इंदिरा लाटेत काँग्रेसच्या काकासाहेब साळुंख्यांनी त्यांना हरवलं. शेकाप सातवर घसरला. नेमक्या त्याच वर्षी महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहिलेला दुष्काळ पाहिला. सांगोल्यासारख्या तालुक्यात माणसं खडी फोडायला गेली, जनावरं कवडीमोलाने विकली गेली. दुष्काळाचं राजकारण ज्याने हयातभर केलं, तो त्या सर्वांत मोठ्या दुष्काळात आमदार नव्हता. १९७४ च्या पोटनिवडणुकीत मतदारांनी त्यांना परत पाठवलं. त्याच साली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, करमाळ्यात, सुशीलकुमार शिंदे पहिल्यांदा विधानसभेत गेले. शिंदे पुढे मुख्यमंत्री आणि केंद्रीय गृहमंत्री झाले. गणपतराव चार दशकांनंतरही सांगोल्याचेच आमदार होते.

इथे थोडा हिशेब करतो. ‘पंचावन्न वर्षं आमदार’, ‘जागतिक विक्रम’ असं काहीबाही छापून येत असतं. १९६२ ते २०१९ ही सत्तावन्न वर्षं. त्यातून १९७२ नंतरची दोन आणि १९९५ ते १९९९ ही चार वजा केली तर उरतात जेमतेम एक्कावन्न. विक्रमाचं म्हणाल तर केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी १९६५ पासून २०१९ साली मृत्यू येईपर्यंत एकदाही हरले नाहीत. पुदुपल्लीत ओमन चांडी बारा वेळा निवडून आले. पण मणी आणि चांडी यांच्यामागे सत्तेत येणाऱ्या आघाड्या होत्या. गणपतरावांच्या पक्षाचे आमदार १९९० ला आठ, १९९५ ला सहा, १९९९ ला पाच आणि २००४ ला तर दोनच होते. पायाखालची जमीन सरकत असताना हा माणूस त्याच जागी उभा राहिला. त्यासाठी विक्रमाचं प्रमाणपत्र कशाला हवं?

उभं राहण्याचं हे कसब कुठून आलं, हे समजायला तालुका पाहावा लागतो. सांगोला म्हणजे माणदेशाचं अंग. माण नदी आहे, पण पावसाळा सरला की पात्रात वाळूच जास्त. खिलार जनावरं, मेंढरं, बाजरी, ज्वारी, आणि रविवारचा जनावरांचा बाजार. दूरदूरच्या तालुक्यांतून व्यापारी येतात. बैलाच्या दाताची पारख चालू असताना आमदाराचीही होते, आणि ती अधिक निष्ठुर असते. धनगर आणि मराठा हे इथले दोन मोठे समाज. गणपतराव धनगर होते आणि या गणिताचा त्यांना फायदा झाला नाही, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण एकट्या जातीवर अकरा निवडणुका निघत नाहीत. जातीचे नेते म्हणून त्यांनी स्वतःला कधी मांडलं नाही. पक्षाची शिस्तही तशी नव्हती.

त्यांचा प्रचारही जुन्या वळणाचा होता. वाडीवस्तीवर बैठक, पारावर सभा, भाषणात आकडे. गावंच वर्गणी काढून त्यांची निवडणूक लढवत, असं तालुक्यात अभिमानाने सांगतात. एसटीने प्रवास करणारा, आमदार निवासातल्या खोलीत गावाकडच्या माणसांना झोपायला जागा देणारा आमदार, ही त्यांची ओळख राज्यभर झाली. साधेपणाच्या या गोष्टींचं आता कीर्तन झालंय. एखादा आमदार एसटीत बसतो ही बातमी व्हावी, यात त्याच्यापेक्षा इतरांबद्दलच जास्त कळतं. मला त्यांच्या कामातली दोन सूत्रं महत्त्वाची वाटतात, एक कापसाचं आणि एक पाण्याचं.

कापसाचं सूत्र म्हणजे शेतकरी सहकारी सूतगिरणी. सांगोला काही कापूस पिकवणारा तालुका नाही. कारखाना काढायचा तर साखरेचा, हा पश्चिम महाराष्ट्राचा शिरस्ता. कारण कारखान्यामागून ऊस, उसामागून पतपेढी, दूध संघ, शिक्षणसंस्था आणि शेवटी आमदारकी येते. इथे उलटं होतं. आमदारकी आधीच होती, पाणी नव्हतं, मग ऊस कुठला? पण जिल्ह्याच्या ठिकाणी सोलापुरात चादरी आणि टॉवेलचे हजारो माग होते आणि मागाला सूत लागतं. बाहेरून कापूस आणून दुष्काळी तालुक्यातल्या पोरांच्या हाताला काम देणारी ही गिरणी चालली, आणि नीट चालली. राज्यातल्या सहकारी सूतगिरण्या एकामागून एक बुडत असताना सांगोल्याचं नाव चांगल्या गिरण्यांत घेतलं जायचं. सहकारात पद मिळालं की आधी गाडी बदलते. इथे ती बदलली नाही, हे त्या टिकण्याचं निदान एक कारण असावं.

पाण्याची गोष्ट लांबलचक आहे. कृष्णेचं पाणी खाली उसाला जातं आणि वरच्या पठारावरची माणसं टँकरची वाट पाहतात, हे दुखणं एकट्या सांगोल्याचं नव्हतं. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, खानापूर, मंगळवेढा सगळेच त्यात होते. वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी नव्वदच्या दशकात तेरा दुष्काळी तालुक्यांची मोट बांधली आणि आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. मागणी सरळ होती: कृष्णेचं पाणी उचला आणि समान वाटा. कराडजवळच्या टेंभूहून आणि मिरज तालुक्यातल्या म्हैसाळहून पंपांनी टप्प्याटप्प्याने पाणी वर चढवायचं, अशा या योजना. दोन्हींच्या शेपटाला सांगोला. शेपटाला पाणी सगळ्यांत शेवटी येतं आणि वीजबिल थकलं की सगळ्यांत आधी बंद होतं. त्यामुळे सांगोल्याच्या आमदाराचं निम्मं काम म्हणजे मंजूर झालेलं पाणी प्रत्यक्षात सोडायला लावणं. विधानसभेत लेखाशीर्षासकट प्रश्न विचारणारे म्हणून ते ओळखले जात. ती हौस नव्हती, गरज होती.

पाणी येण्याआधी तालुक्याला हात दिला तो डाळिंबाने. १९९० साली राज्याने फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली आणि माळरानावर खड्डे पडू लागले. डाळिंबाला पाण्याचा ताण सोसतो, नव्हे, लागतोच. पाणी तोडायचं, पानगळ करायची आणि मग पाणी देऊन बहार धरायचा, हे तंत्र सांगोल्याच्या शेतकऱ्याने आत्मसात केलं. अजनाळ्यासारख्या गावात प्लास्टिकच्या कागदाने मढवलेली शेततळी आणि ठिबकच्या नळ्या यांच्या जोरावर बंगले उभे राहिले. पुढे तेल्या आला, मर आली, आणि अलीकडे खोडकिडीने तर बागाच्या बागा उपटायला लावल्या. सांगोल्याचं राजकारण कळायला विधानसभेच्या कामकाजाइतकंच बहाराचं वेळापत्रक ठाऊक असावं लागतं.

सत्ता त्यांना दोनदाच मिळाली. १९७७-७८ मध्ये ते विरोधी पक्षनेते होते. १९७८ ला शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात मंत्री झाले. ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झालं. १९९९ ला शहाजीबापूंकडून जागा परत घेतल्यावर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात पणन आणि रोजगार हमी ही खाती त्यांच्याकडे आली. २००२ मध्ये रायगड जिल्हा परिषदेच्या राजकारणावरून शेकापचं राष्ट्रवादीशी बिनसलं आणि पक्ष सरकारातून बाहेर पडला. गणपतरावांनीही मंत्रिपद सोडलं. भांडण कोकणातलं, किंमत माणदेशाने मोजली. तरी त्यांनी पक्ष सोडला नाही.

२०१४ ची निवडणूक त्यांनी ऐंशी उलटून बरीच वर्षं झाल्यावर लढवली. मोदी लाट होती, चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढत होते, आणि शहाजीबापू आता शिवसेनेत होते. गणपतराव पंचवीस हजारांच्या वर मतांनी जिंकले. २०१९ ला वयामुळे थांबले. पक्षाने आधी दुसरं नाव पुढे केलं, ते कार्यकर्त्यांच्या पचनी पडलं नाही आणि नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. घराणेशाहीवर कोरडे ओढणाऱ्या पक्षाला आमदारकी टिकवायला नातूच लागला, ही विसंगती शेकापवाल्यांनाही टोचली असणार. अनिकेत ७६८ मतांनी पडले. १९९५ चे १९२ आणि हे ७६८ मिळून शहाजीबापूंचे दोन्ही विजय हजाराच्या आत बसतात.

३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गणपतरावांचं निधन झालं. पुढच्याच जूनमध्ये शहाजीबापू शिवसेनेत बंड केलेल्या एकनाथ शिंद्यांबरोबर गुवाहाटीला गेले आणि झाडी, डोंगार, हाटील यांच्या वर्णनाने रातोरात देशभर गाजले. ज्या माणदेशी बोलीत त्यांनी गणपतरावांविरुद्ध अनेक निवडणुका लढवल्या, तीच बोली फोनच्या एका संभाषणातून घराघरात गेली. गंमत अशी की सांगोल्याबाहेरच्या पुष्कळांना हे गाव तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

२०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले. शेकाप महाविकास आघाडीत होता, तरी ठाकरेंच्या शिवसेनेने दीपक साळुंख्यांना उतरवलं. समोर शिंद्यांच्या शिवसेनेचे शहाजीबापू. देशमुख पंचवीस हजारांहून अधिक मतांनी आले आणि विधानसभेतले शेकापचे एकमेव आमदार झाले. पण दोन्ही शिवसेनांची मतं एकत्र केली तर ती देशमुखांच्या मतांपेक्षा बरीच जास्त भरतात. या वेळी दुसऱ्या निम्म्याचे दोन तुकडे झाले होते, इतकंच. पुढच्या वेळी ते होतील की नाही, हे टेंभूचं आवर्तन किती वेळेवर सुटतं यावरही बऱ्यापैकी अवलंबून राहील.