बंडाचे सूर (लेखांक सातवा) : रिकामी सम

मागील लेखांकात आपण ‘द क्लॅश’ या लंडनच्या चौकडीस १९७८ च्या अखेरीस सोडले होते : व्यवस्थापक बर्नी रोड्स बरखास्त झालेले, त्यांच्यासवे कॅम्डनमधील सरावाची जागाही गेलेली, आणि ज्या पंक-पंथाची ध्वजा खांद्यावर घेऊन ही मंडळी निघाली त्या पंथात दोन-अडीच वर्षांतच सोवळ्याओवळ्याचे दंडक शिरलेले. तीन कॉर्ड, दोन मिनिटे, संतापाखेरीज अन्य रस वर्ज्य, आणि यात फेरफार करील तो बाटगा, असा एकंदर खाक्या होता. बंडखोरांचे सोवळे हे सनातन्यांच्या सोवळ्याहून अधिक करमणुकीचे असते, हे जाता जाता नमूद करतो.

१९७९ मध्ये हे चौघे पिम्लिको भागात, एका मोटार-गॅरेजामागील ‘व्हॅनिला’ नामक खोलीत, जमू लागले. दुपारी शेजारच्या मैदानात फुटबॉल आणि मग उशिरापर्यंत सराव, असा त्यांचा दिनक्रम होता. आणि वर हुकूम करणारा कोणी उरला नसल्यामुळे, लहानपणी कानांवर पडलेले रॉकाबिली, सोल, जमेकेचे स्का व रेगे, जे जे आठवेल ते वाजवून पाहण्याची मुभा त्यांना आपोआपच मिळाली. ढोलकरी टॉपर हेडन हा जाझ व सोलच्या ठेक्यांत मुरलेला असल्याने गायक-गिटारवादक जो स्ट्रमर व मिक जोन्स जिकडे वळतील तिकडे तो वळू शके. तो नसता, तर हा सारा विस्तार मनातल्या मनातच राहिला असता, असे माझे स्पष्ट मत आहे.

या विस्तारातील रेगेचा अंश बारकाईने पाहण्याजोगा आहे. आपल्याकडे तबलजी समेवर आला की श्रोत्याची मान आपसूक हलते. रेगेतील ‘वन ड्रॉप’ या ठेक्यात मात्र चार मात्रांपैकी पहिलीवर ढोल हेतुपुरस्सर गप्प राहतो, आघात पडतो तो तिसरीवर, गिटार दुसरी-चौथीवर त्रोटक वाजून तत्क्षणी दाबली जाते, आणि मध्ये उरलेल्या पोकळीत गाण्याचा सगळा भार बेस वाहतो. ज्यांची उभी हयात पोकळी भरून काढण्यात, म्हणजे केवळ गलबल्यात, गेली त्या पंकवाल्यांना ही रिकामी सम सांभाळणे सोपे नव्हते. बेसवादक पॉल सिमनन याने तर आरंभी वाद्याच्या दांडीवर स्वरांची नावे रंगवून शिक्षण केलेले. परंतु त्याचे बालपण कॅरिबियन वस्तीच्या ब्रिक्स्टनमध्ये गेले होते, आणि ‘द गन्स ऑफ ब्रिक्स्टन’ हे स्वतः रचून स्वतः गायिलेले त्याचे पहिले गाणे ऐकताना, हा सूर त्याने परदेशातून मागविलेला नसून शेजारघरच्या भिंतीतून ऐकलेला आहे, हे तात्काळ ध्यानी येते. त्या गाण्यातील पोलिसी दंडेलीची धास्ती अनाठायी नव्हती : पुढे १९८१ च्या एप्रिलात त्याच ब्रिक्स्टनमध्ये पोलीस आणि रहिवासी एकमेकांस भिडले.

हायबरीच्या वेसेक्स स्टुडिओत ध्वनिमुद्रणास निर्माता म्हणून आले ते गाय स्टीव्हन्स, मद्यासक्त आणि अवलिया गृहस्थ. वादकांत चैतन्य यावे म्हणून खुर्च्या आपटणे ही त्यांची कार्यपद्धती. व्हिन्स टेलरचे जुने ‘ब्रँड न्यू कॅडिलॅक’ वाजविताना लय मध्येच धावली, अशी हेडनने तक्रार केली असता, रॉक-अँड-रोलची लय धावायचीच, असा निवाडा देऊन त्यांनी तेच मुद्रण कायम केले.

या मुद्रणातून सिद्ध झालेल्या संचाचे ‘लंडन कॉलिंग’ हे नाव बीबीसीच्या युद्धकालीन प्रक्षेपणातील पुकाऱ्यावरून घेतलेले, आणि त्या शीर्षकगीतामागे अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील, मार्च १९७९ च्या, अणुभट्टीच्या अपघाताची धास्ती. अन्यत्र स्पेनचे यादवी युद्ध व कवी लोर्का येतात, सुपरमार्केटात हरवलेला एकटा जीव येतो, नट माँटगोमेरी क्लिफ्टही येतो. पूर्वी घोषणा होती तेथे आता माणसे आली. राजकारण कमी झाले असे मला वाटत नाही. स्ट्रमर हा परराष्ट्र खात्यातील अधिकाऱ्याचा मुलगा. अंकारात जन्मला, आणि त्याचे वडील तर आपल्या लखनौचे जन्मलेले. त्यामुळे श्रमिकांच्या वतीने बोलण्याची सनद याला कोणी दिली, असा आक्षेप त्याच्यावर घेतला जाई. पण अनेक देशांत वाढलेल्या मुलाच्या कानास एकाच मोहल्ल्याचे संगीत अपुरे वाटावे, यात नवल ते काय?

सीबीएस कंपनी दुहेरी तबकडीस राजी नव्हती. एका तबकडीसोबत बारा इंची ‘सिंगल’ फुकट देण्याची तजवीज मात्र तिने मान्य केली, आणि त्या फुकट तबकडीत मंडळींनी एकामागून एक गाणी कोंबून एकेरी किमतीत दोन तबकड्या बाजारात आणल्या. १४ डिसेंबर १९७९ रोजी निघालेल्या या संचात एकोणीस गाणी आहेत. दोन-तीन वगळली असती तरी चालले असते. एकोणिसावे ‘ट्रेन इन व्हेन’ इतक्या ऐनवेळी आले की वेष्टनावरील यादीत त्याचे नावच नाही. ते निव्वळ प्रेमभंगाचे गाणे आहे, म्हणजे पंथाच्या दृष्टीने सर्वांत बाटलेले. आणि अमेरिकेच्या विक्रीयादीत तेविसाव्या स्थानापर्यंत पोहोचले ते हेच.

(पुढील लेखांकी : ‘सँडिनिस्टा!’, तीन तबकड्या आणि छत्तीस गाणी)