‘मेडिकेअर घेता का?’ एवढंच विचारू नका!

दादा-वहिनी न्यू जर्सीत. आई-बाबांना ग्रीनकार्डवर तिथे सलग पाच वर्षं झाली, वय पासष्टच्या पुढे. प्रीमियम भरून मेडिकेअर घेतलं आणि घरात सगळ्यांनी हुश्श केलं. मग डॉक्टरचं बिल येतं!

गोची आपल्या प्रश्नातच असते. ‘मेडिकेअर घेता का?’ याला क्लिनिकवाले ‘येस’ म्हणतात, आणि ते खोटंही नसतं. विचारायचं असतं, ‘असाइनमेंट अ‍ॅक्सेप्ट करता का?’ म्हणजे मेडिकेअरचा दर हीच पूर्ण फी मानता का?

न मानणारे डॉक्टर ओरिजिनल मेडिकेअरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत जादा लावू शकतात. हिशेब बघा. व्हिजिटचा दर १०० डॉलर, वर्षाचं डिडक्टिबल भरून झालेलं. असाइनमेंटवाल्याकडे खिशातून जातात २०. दुसऱ्याकडे दर ९५ धरतात, त्यावर १५ टक्के, बिल १०९.२५. मेडिकेअर देणार ७६, उरलेले ३३.२५ बाबांचे. वर सगळी रक्कम आधी काउंटरवर भरायला लागू शकते, ते वेगळंच.

नदीपलीकडे पेन्सिल्व्हेनियात ही जादा आकारणी कायद्याने बंद आहे, न्यू जर्सीत नाही. तिथे मेडिगॅपचा प्लॅन जी हा भार उचलतो. पण तो पार्ट बी सुरू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच घेतलेला बरा. नंतर कंपनी तब्येत बघून नाही म्हणू शकते.

आणि ‘ऑप्ट-आउट’ केलेल्या डॉक्टरने वेगळा करार पुढे सरकवला, तर सहीआधी दादाला फोन करायला सांगा. तिथे मेडिकेअर एक सेंटही देत नाही आणि १५ टक्क्यांची मर्यादाही नसते.