कॅम्परच्या छतावरील झरोक्याला विजेचा पंखा बसवणे

या पाठाची उद्दिष्टे
हा पाठ वाचल्यावर आपल्याला पुढील गोष्टी जमतील: गाडीच्या मापानुसार पंखा निवडणे, हवा आत येण्याच्या वाटेचे माप काढणे, 12 व्होल्टची सुरक्षित जोडणी करणे आणि हा पंखा कोणत्या धोक्यापासून वाचवू शकत नाही हे ओळखणे. व्होल्ट, अँपिअर आणि वॅट यांची ओळख असणे पुरेसे आहे.

पंख्याची गरज का पडते?
समजा, आपण पुण्याहून राष्ट्रीय महामार्ग 48 ने निघालात आणि बंगळुरूत यशवंतपूरला मुक्कामाला थांबलात. इथे बाजार समिती आणि ट्रक टर्मिनल आहे, म्हणून आजूबाजूला मालट्रक उभे असतात. एप्रिलमधल्या दुपारी पत्र्याचे छत तापलेले असते. छताचा झरोका उघडला की गरम हवा हलकी असल्यामुळे आपोआप वर निघून जाते. पण रात्री आतले आणि बाहेरचे तापमान जवळपास सारखे झाले की ही ओढ मंदावते. त्या वेळी हवा हलवण्याचे काम पंख्याला करावे लागते.

पंख्याचे माप
आतली मोकळी जागा 10 घनमीटर धरू. ताशी 200 घनमीटर हवा बाहेर फेकणारा पंखा ती हवा तासात 20 वेळा बदलेल. पंख्यावर हा आकडा अनेकदा घनफूट प्रति मिनिट असा असतो. त्याला 1.7 ने गुणले की ताशी घनमीटर मिळतात. जाळी आणि झाकण यांमुळे प्रत्यक्ष प्रवाह कमी होतो, म्हणून थोडा मोठा पंखा घ्यावा.

पंखा म्हणजे एसी नव्हे, हे लक्षात ठेवा. बाहेरच्या हवेपेक्षा तो आतली हवा थंड करू शकत नाही. यशवंतपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर असल्याने हवा थोडी विरळ आहे. तिथे ताशी 200 घनमीटर प्रवाह, आत-बाहेरच्या प्रत्येक अंश फरकामागे, सुमारे 58 वॅट उष्णता बाहेर नेतो. झोपलेली दोन माणसे मिळून सुमारे 150 वॅट उष्णता सोडतात. म्हणजे रात्री आतले तापमान बाहेरच्यापेक्षा दोन-अडीच अंशच जास्त राहील.

हवा आत कुठून येणार?
बहुतेकांची चूक इथेच होते. पंखा हवा बाहेर फेकतो तेवढीच हवा आत यावी लागते. ताशी 200 घनमीटर म्हणजे सेकंदाला 0.056 घनमीटर. खिडकीतून हवा सेकंदाला 1 मीटर वेगाने यावी असे धरले, तर 560 चौरस सेंटिमीटर फट हवी. 40 सेंटिमीटर उंचीची सरकती खिडकी 14 सेंटिमीटर उघडली की काम झाले. पंख्यापासून लांबची, बिछान्याजवळची खिडकी निवडा.

बसवणे आणि जोडणी
1. झरोक्याच्या भोकाचे माप घ्या आणि त्यातच बसणारा पंखा आणा. नवे भोक पाडायचे किंवा छताची रचना बदलायची असेल, तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 फेरफारांविषयी आहे.
2. चौकटीखाली ब्युटाइल टेप लावा. स्क्रू सारखे आवळा आणि पाणी ओतून गळती तपासा.
3. पंखा इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर नको. वेगळी बॅटरी वापरा, नाहीतर सकाळी गाडी चालू होणार नाही.
4. पंखा पूर्ण वेगात 3 अँपिअर घेत असेल आणि बॅटरी 5 मीटरवर असेल, तर 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते. जाऊन-येऊन 10 मीटरमध्ये व्होल्टेज सुमारे 0.35 ने घटते.
5. धन वायरवर, बॅटरीच्या अगदी जवळ, 5 अँपिअरचा फ्यूज लावा. वायर घासून शॉर्ट झाली तर आग टाळणारा हाच फ्यूज असतो.

कमी वेगात 0.8 अँपिअर धरल्यास आठ तासांत 6.4 अँपिअर-तास खर्च होतात.

चाचणी
खिडकीपाशी पेटलेली उदबत्ती धरा. धूर आत ओढला जाऊन झरोक्याकडे गेला पाहिजे. आता सगळ्या खिडक्या बंद करा आणि तीच उदबत्ती जमिनीवरच्या फटींजवळ फिरवा. धूर गाडीच्या आत सरकला, तर ती फट हवा ओढते आहे.

सर्वात महत्त्वाचा इशारा
त्या फटीतून ताजी हवाच येईल असे नाही. गाडीखालचा धूरही येऊ शकतो. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकर इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे तपासात आढळले. या वायूला रंग नसतो, वासही नसतो. झोपलेल्याला तो कळतच नाही.

म्हणून इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून, अथवा आत शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नका. पंखा चालू आहे, हे त्यासाठी कारण होऊ शकत नाही. शेजारी ट्रकचे इंजिन चालू असेल तर गाडी दुसरीकडे लावा. जमिनीवरच्या फटी बुजवा आणि बिछान्याजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

स्वाध्याय
आपल्या गाडीची आतली लांबी, रुंदी आणि उंची मोजा. तासात 20 वेळा हवा बदलण्यासाठी किती क्षमतेचा पंखा आणि किती मोठी फट लागेल ते काढा.