निकामी ग्राफिक्स उपकरणाची पुनःस्थापना (लिनक्स)

लिनक्स कर्नलमध्ये एखादे ग्राफिक्स उपकरण प्रतिसाद देईनासे झाले आणि ड्रायव्हरने रीसेट करूनही ते सावरले नाही, तर त्यास 'वेज्ड' उपकरण असे म्हणतात. इंग्रजी 'वेज' म्हणजे पाचर. पाचर बसून अडकलेले, असा हा अन्वर्थक शब्द आहे. अशा वेळी कर्नलची डीआरएम ही उपप्रणाली 'वेज्ड' नावाची सूचना प्रसृत करते. ही सोय २०२५ मध्ये प्रकाशित झालेल्या ६.१५ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

सूचनेसोबत उपायाचे नाव येते. 'रीबाइंड' म्हणजे ड्रायव्हर उपकरणापासून सोडवून पुन्हा जोडणे; 'बस-रीसेट' मध्ये त्या दोहोंच्या दरम्यान बसही रीसेट केली जाते. एकाहून अधिक उपाय असल्यास सौम्य उपाय आधी लिहिला जातो. उपाय ठरलेला नसल्यास 'अननोन' हा शब्द येतो. प्रत्यक्ष कृती कर्नल करीत नाही. ती यूडेव्हच्या नियमाद्वारे व्यवस्थापकाने लिहिलेली स्क्रिप्ट करते.

दस्तऐवजाचे परीक्षण

कृती करणारा कर्नलच्या बाहेरचा असल्यामुळे दस्तऐवजातील शब्दरचनेला येथे संकेतावलीइतकेच महत्त्व आहे. 'नन' या मूल्याचा अर्थ 'उपाय नाही' असा वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ड्रायव्हरने उपकरण आधीच सावरलेले असून काही करण्याची आवश्यकता नाही, एवढेच त्यातून अभिप्रेत असते. सावरलेल्या उपकरणाची वार्ता 'वेज्ड' याच नावाने यावी, ही थोडी विसंगतीच होय. अर्थ उलटा लावल्यास सुस्थितीतील यंत्र विनाकारण बंद केले जाऊ शकते.

दुसरा मुद्दा जबाबदारीच्या विभागणीचा. सूचना देण्यापूर्वी ड्रायव्हरने उपकरणाचा मुख्य स्मृतीशी होणारा थेट व्यवहार (डीएमए) थांबवावा, प्रलंबित फेन्स मोकळे करावेत, जुने स्मृति-नकाशे रद्द करावेत आणि नव्या विनंत्या नाकाराव्यात, अशी अपेक्षा असते. अन्यथा बिघडलेले उपकरण इतरांच्या स्मृतीत लिहीत राहण्याचा धोका संभवतो. उलटपक्षी, उपकरण उघडून ठेवलेल्या प्रक्रिया पुनर्जोडणीआधी बंद करणे हे स्क्रिप्टचे काम आहे. परीक्षकाने हे वाक्य विशेष काळजीने तपासावे, कारण नमुना म्हणून दिलेली स्क्रिप्ट वाचक बहुधा जशीच्या तशी उचलतात.

मायक्रोसॉफ्ट विंडोजमध्ये हेच कार्य व्हिस्टा आवृत्तीपासून 'टीडीआर' ही यंत्रणा करते. तेथे मूळ मुदत २ सेकंदांची असून त्यानंतर प्रणाली स्वतःच ग्राफिक्स उपकरण रीसेट करते.