बाह्यांग नूतनीकरणाचे टप्पे (वास्तुरचना सॉफ्टवेअर)

बाह्यांग नूतनीकरणाचे टप्पे म्हणजे इमारतीच्या बाहेरील भिंती, दारे-खिडक्या, छप्पर, सज्जे, गिलावा इत्यादी घटकांत कालक्रमाने होणारे बदल वास्तुरचनेच्या सॉफ्टवेअरमधील एकाच त्रिमित प्रतिमानात (मॉडेलमध्ये) नोंदवण्याची पद्धत होय. या पद्धतीत प्रत्येक घटकासोबत तो कोणत्या टप्प्यात उभारला गेला आणि कोणत्या टप्प्यात पाडला गेला, या दोन नोंदी ठेवल्या जातात. त्यांच्या आधारे सद्यस्थितीतील, पाडकामानंतरची आणि काम पूर्ण झाल्यावरची इमारत अशी निरनिराळी चित्रे एकाच प्रतिमानातून काढता येतात. ऑटोडेस्क कंपनीचे रेव्हिट आणि ग्राफिसॉफ्ट या हंगेरियन कंपनीचे आर्किकॅड या दोन प्रणालींत ही सोय विशेष विकसित झालेली आहे.

पूर्वपीठिका

ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. नगरपालिकेकडे मंजुरीसाठी सादर होणाऱ्या नकाशांत पाडावयाचे काम पिवळ्या आणि नवे काम तांबड्या रंगाने दाखवण्याचा संकेत भारतात रूढ असून राष्ट्रीय इमारत संहितेतही तो दिलेला आहे. एकाच कागदावर दोन काळ दाखवण्याची ती साधी व समर्थ युक्ती होती. अडचण येई ती हाताने काढलेल्या नकाशांची संख्या वाढली की. एका नकाशात खिडकी सरकवली आणि दुसऱ्यात सरकवायची राहिली, तर गवंड्याच्या हाती पडणारे कागद परस्परविरोधी होत.

रेव्हिटची पहिली आवृत्ती २००० साली आली आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनी विकत घेतली. आर्किकॅडमध्ये नूतनीकरणाची स्वतंत्र सोय पंधराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून उपलब्ध झाली.

टप्प्यांची रचना

रेव्हिटमध्ये आरंभी 'सद्य' आणि 'नवे बांधकाम' असे दोन टप्पे दिलेले असतात. गरजेप्रमाणे त्यांच्या आधी, मध्ये वा नंतर आणखी टप्पे घालता येतात, परंतु एकदा घातलेल्या टप्प्यांचा क्रम बदलता येत नाही. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी इमारतीचा कालक्रम कागदावर मांडून घेणे इष्ट ठरते.

'पाडकाम' हा वेगळा टप्पा मानण्याची या प्रणालीत आवश्यकता नसते. पाडणे ही घटकाची अवस्था असून ती ज्या टप्प्यात घडते त्या टप्प्याचाच भाग समजली जाते. नवशिके बहुधा येथेच गोंधळतात. ज्या टप्प्याचे चित्र पाहायचे, त्या टप्प्याच्या संदर्भात प्रत्येक घटक नवा, पूर्वीपासूनचा, पाडलेला अथवा तात्पुरता ठरतो. एकाच टप्प्यात उभारून त्याच टप्प्यात उतरवली जाणारी वस्तू तात्पुरती होय. बांबूची परांची हे तिचे उत्तम उदाहरण आहे. चित्रात यांपैकी काय दिसावे आणि काय लपावे, हे टप्प्याच्या गाळणीने (फेज फिल्टर) ठरते. सामान्यतः पाडलेला भाग तुटक रेषांनी आणि पूर्वीचा भाग फिक्या रेषांनी दाखवला जातो.

आर्किकॅडमध्ये टप्प्यांऐवजी सद्य, पाडावयाचे आणि नवे अशा तीन अवस्था आहेत. एकाच दमात होणाऱ्या कामाला त्या पुरतात. काम अनेक वर्षे, तुकड्यातुकड्याने चालणार असेल, तर विशिष्ट घटक विशिष्ट गाळणीतच दिसेल अशी योजना करून वाट काढावी लागते.

भिंतीच्या थरांची अडचण

बाह्यांगाच्या बाबतीत या पद्धतीची खरी कसोटी भिंतीच्या थरांपाशी लागते. रेव्हिटमधील भिंत हा अनेक थरांचा एकच घटक असतो: आत गिलावा, मध्ये वीट वा दगड, बाहेर पुन्हा गिलावा. टप्प्याची नोंद मात्र संपूर्ण भिंतीला लागते, एकेका थराला लागत नाही. जुना चुन्याचा गिलावा खरवडून नवा करायचा असेल आणि त्यासाठी 'जुनी भिंत पाडली, नवी उभारली' अशी नोंद केली, तर चित्र ठीक दिसते, पण परिमाणांच्या तक्त्यात सगळी भिंत पाडकामात आणि तितकेच विटकाम नव्या कामात मोजले जाते. अंदाजपत्रक फुगते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे मंजुरी देणाऱ्याला मूळ भिंत पाडली जाणार असे लेखी कळते. वारसा इमारतीच्या बाबतीत ही चूक क्षुल्लक नव्हे.

भिंतीचा प्रकार बदलणे हाही उपाय नव्हे, कारण तसे केल्यास मागील टप्प्यांतही नवाच गिलावा दिसू लागतो. रंगाची गतही तीच. पृष्ठभागाला 'पेंट' या साधनाने दिलेला रंग टप्पा ओळखत नाही. यावर रूढ उपाय म्हणजे गाभ्याची भिंत आणि बाहेरचा गिलावा हे स्वतंत्र घटक म्हणून रेखाटणे. गाभा 'सद्य' राहतो, जुन्या गिलाव्याचा पातळ थर पाडलेला आणि नवा थर उभारलेला दाखवला जातो. दारा-खिडकीची पोकळी या पातळ थरातूनही आरपार कापली गेली आहे ना, हे तपासावे लागते. काम वाढते, पण तक्ता खरा येतो.

खिडकी पाडल्याची नोंद केली की तिची पोकळी सॉफ्टवेअर आपणहून बुजवते आणि तो बुजवलेला भाग यजमान भिंतीच्याच प्रकारचा धरते. दगडी भिंतीतील पोकळी प्रत्यक्षात विटांनी बुजवायची असेल, तर त्या भागाचा प्रकार हाताने बदलावा लागतो.

साखरशेत परिसरातील घराचे उदाहरण

टप्प्यांची पद्धत केवळ मोठ्या वास्तूंसाठी आहे असे नाही. पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात साखरशेत व आसपासच्या गावांच्या मुलखात कुडाच्या घरांची परंपरा आहे. लाकडी मेढींच्या सांगाड्यात कारवीच्या काठ्यांचा कुड आणि त्यावर शेणमातीचा लेप, अशी या घरांची भिंत असते. असे एक काल्पनिक घर घेऊ. पहिल्या टप्प्यात कुडाची भिंत व गवती छप्पर, दुसऱ्यात गवताच्या जागी कौले, तिसऱ्यात कुडाच्या एका बाजूला लागून विटांची पक्की खोली. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण २०१६ पासून अमलात असून तिच्यात घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरवलेले आहे; तिसऱ्या टप्प्यातील खोली तेवढी धरू.

छप्पर बदलणे सोपे आहे. कौलांचे वजन पेलण्यासाठी वासे बदलले असतील, तर त्यांचीही नोंद दुसऱ्या टप्प्यात करावयाची, एवढेच. नवी खोली मात्र एक वेगळा प्रश्न उभा करते. तिच्या बाजूचा कुड दुसऱ्या टप्प्यापर्यंत पावसाळी वारा झेलणारी बाहेरची भिंत होता आणि तिसऱ्या टप्प्यात तो दोन खोल्यांमधील आतली भिंत झाला. भिंत तीच, जागेवर तशीच, पण ती बाह्यांगाचा भाग राहिली नाही. रेव्हिटमध्ये भिंत बाहेरची की आतली ही नोंद भिंतीच्या प्रकाराशी जोडलेली असल्याने टप्प्यानुसार बदलत नाही. बाहेरच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ काढताना असा कुड दोन्ही काळांत बाहेरचाच मोजला जातो. अशा भिंतीची वेगळी खूण करून ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग होय.

दरवर्षी होणारे सारवण टप्पा मानावे काय, असा प्रश्न येथे साहजिकच पडतो. मानू नये. ती देखभाल आहे. तसे केल्यास साध्या घराचे प्रतिमान चाळीस-पन्नास टप्प्यांचे होईल आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळणार नाही. कुडाच्या काठ्याच बदलल्या तर मात्र तो बदल नोंदवण्याजोगा आहे.

वारसा इमारती

'सद्य' या एका शब्दात सारा भूतकाळ कोंबला जातो, ही या प्रणालींची मोठी उणीव. मुंबईतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले आणि जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये पुन्हा उघडले. अशा वास्तूसाठी मधल्या सव्वाशेहून अधिक वर्षांची दुरुस्ती, भर व रंगकाम एकाच 'सद्य' टप्प्यात ठेवले, तर मूळ काय आणि नंतरचे काय हा भेद प्रतिमानातून पुसला जातो. १९६४ च्या व्हेनिस सनदेने इमारतीला लाभलेल्या सर्व कालखंडांच्या भरीचा आदर राखावा आणि नवे भाग मूळ भागांपासून ओळखू यावेत, अशी दोन्ही तत्त्वे सांगितली आहेत. ती पाळायची तर भूतकाळाचेही अनेक टप्पे करावे लागतात आणि प्रत्येक घटकाचा काळ कशावरून ठरवला, म्हणजे जुने छायाचित्र, खर्चाची नोंद की गिलाव्याची तपासणी, हेही त्या घटकापाशी लिहून ठेवावे लागते. लेसर यंत्राने केलेली मोजणी भिंतीचा आकार अचूक देते, तिचे वय देत नाही.

देवाणघेवाण

निरनिराळ्या प्रणालींमध्ये प्रतिमानांची देवाणघेवाण आयएफसी या खुल्या मानकाद्वारे (आयएसओ १६७३९) होते. त्यात भिंतीसारख्या घटकाला नवा, सद्य, पाडावयाचा, तात्पुरता अशी अवस्था जोडता येते. तथापि ही अवस्था एका विशिष्ट क्षणाची असते. केवळ तिच्यावर विसंबल्यास पाच टप्प्यांच्या प्रतिमानातील क्रम दुसऱ्या प्रणालीत पोचत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र फाइल काढून तिच्या नावात टप्प्याचा क्रमांक घालण्याचा मार्ग अवलंबता येतो.