तिसरा दिवस गुरूचा

ज्याच्याकडून कांहीं मिळावयाचें आहे त्यास नमस्कार करणें सोपें असतें; मिळावयाचें तें मिळून चुकल्यावर त्याची आठवण ठेवणें कठीण. व्हिएतनामी लोकांनीं या कठीण गोष्टीस सणाचें रूप दिलें आहे. त्यांचें नववर्ष, ज्यास ते ‘तेत’ म्हणतात, चांद्रमानाप्रमाणें जानेवारी-फेब्रुवारींत येतें. त्यांतील पहिला दिवस पित्याचा, दुसरा मातेचा व तिसरा गुरूचा, असें तेथील जुनें लोकवचन आहे. शाळा सोडून कैक वर्षें लोटलेलीं माणसें त्या तिसऱ्या दिवशीं जुन्या शिक्षकांच्या घरीं जातात. एक अक्षर शिकविणारा गुरु, आणि अर्धें शिकविणाराही गुरूच, अशीही त्यांची एक म्हण आहे.

हा संस्कार मुख्यतः कन्फ्यूशियसच्या शिकवणुकींतून आला. त्याचें मंदिर ली थान्ह तोंग राजानें १०७० सालीं हनोई येथें बांधिलें, व १०७६ मध्यें तेथेंच राजविद्यालय निघालें. १४४२ ते १७७९ या काळांतील परीक्षांत यशस्वी झालेल्या पंडितांचीं नांवें कोरलेल्या ८२ शिला तेथें दगडी कासवांच्या पाठीवर आजही उभ्या आहेत.

पण आम्हांस अधिक थोर वाटते ती चू वान आन (१२९२–१३७०) यांची स्मृति. हे त्या राजविद्यालयाचे प्रमुख व युवराजाचे शिक्षक होते. पुढें दरबारांत अनाचार माजला, तेव्हां सात दुष्ट दरबाऱ्यांचा शिरच्छेद करावा, असा अर्ज त्यांनीं राजापुढें ठेविला. राजानें तो मानला नाहीं. गुरूंनीं अधिकारपद सोडलें व ची लिन्हच्या डोंगरांत जाऊन ते विद्यादान करूं लागले. मृत्यूनंतर त्यांना कन्फ्यूशियसच्या मंदिरांत पूजेचें स्थान मिळालें.

१९८२ सालीं सरकारी निर्णयानें २० नोव्हेंबर हा तेथील शिक्षकदिन ठरला. त्या दिवशीं मुलें फुलें घेऊन शिक्षकांकडे जातात, शाळाशाळांतून गाण्यांचे कार्यक्रम होतात. मात्र फुलांबरोबर पैशांचें पाकीट देण्याचीही चाल पडली असून तिजवर तेथें बराच वाद होतो. पाकीट न द्यावें तर आपलें मूल मागें पडेल काय, ही शंका पालकांस छळते. भेटी आणूं नयेत, असें कांहीं शाळा आधींच कळवितात.

रोग कळला कीं औषधही त्याच देशाच्या परंपरेंत सांपडतें. आज वर्गांत बसणाऱ्या मुलाच्या पालकानें दिलेल्या भेटींत अपेक्षा शिरूं शकते. वीस वर्षांनीं तेतच्या तिसऱ्या दिवशीं दारीं आलेल्या शिष्यापाशीं कृतज्ञतेवांचून दुसरें काय असणार? आमची गुरुपौर्णिमा व ५ सप्टेंबरचा शिक्षकदिन यांनाही हीच कसोटी लावून पाहावी. ज्या मास्तरांनीं वा बाईंनीं आपला हात धरून पाटीवर पहिलें अक्षर गिरवून घेतलें, ते हयात असतील तर वाचकांनीं यंदां मुलांसह त्यांच्या घरीं जाऊन यावें.